रहिवासाचे बारा महिने

टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत नियमित सत्राच्या बाराव्या दिवशी पटसंख्या मोजली जाते. राज्याच्या दफ्तरी ही नेहमीची कारकुनी नोंद. पण फीच्या नियमांत त्या तारखेला वेगळंच वजन आहे. त्या दिवसापासून मागे सलग बारा महिने विद्यार्थ्याच्या आईचं किंवा वडिलांचं घर टेक्ससात असेल, तर विद्यार्थी राज्यातला. अकरा महिने आणि वीस दिवस असेल, तर बाहेरचा. मुलगी तीच, तिचे गुण तेच, वर्गातली खुर्चीही तीच, पण वर्षाच्या बिलात हजारो डॉलरचा फरक.

हा फरक किती मोठा असतो, याचा अंदाज भारतातल्या वाचकाला चटकन येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर कॅम्पसमध्ये २०२४-२५ साली पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांची वार्षिक ट्यूशन राज्यातल्यांना सतरा-अठरा हजार डॉलर होती, बाहेरच्यांना साठ हजारांच्या वर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसांवर सगळ्यांना लागणारी ट्यूशन आणि सामायिक शुल्कं मिळून सुमारे पंधरा हजार होतात. २०२५-२६ मध्ये प्रवेश घेणाऱ्या परराज्यातल्या विद्यार्थ्याला त्यावर ३७,६०२ डॉलर जादा भरावे लागतात. चार वर्षांत केवळ हा जादा भागच दीड लाख डॉलरच्या पुढे जातो. राहणं-खाणं, पुस्तकं, विमा हे सगळं वेगळं.

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये हा विषय साधारण मूल नववी-दहावीत असताना शिरतो. मंडळाच्या गणपतीत आरती आटोपली आणि प्रसादाच्या रांगेत मोठ्या मुलांचे पालक एकत्र आले, की बोलणं सॅटच्या मार्कांवरून इन-स्टेटवर येतंच. 'तुम्ही इकडे कधी आलात?' हा एरवी ओळख वाढवण्यासाठी विचारला जाणारा प्रश्न. त्या घोळक्यात तो हिशेबासाठी विचारला जातो.

आणि ही कुटुंबं हलतात, वारंवार हलतात. कधी कंपनीच दुसऱ्या राज्यात जाते. टोयोटाने उत्तर अमेरिकेतलं मुख्यालय लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समधून टेक्ससच्या प्लेनोत न्यायचं २०१४ साली जाहीर केलं आणि २०१७ मध्ये ते तिथे सुरू झालं. डिसेंबर २०२०मध्ये ओरॅकलने मुख्यालय ऑस्टिनला हलवत असल्याचं सांगितलं. कधी नोकरी जाते. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की दुसरा मालक शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत ज्या गावातून होकार येईल, ते आपलं गाव. ते गाव कुठल्या राज्यात आहे, तिथली विद्यापीठं कशी आहेत, मुलगी बारावीत आहे का, हे बघत बसायची चैन परवडत नाही. एडिसनहून शार्लट, फ्रीमाँटहून फ्रिस्को अशी सामानाची ट्रक निघते आणि त्या दिवसापासून बारा महिन्यांचं घड्याळ नव्याने सुरू होतं.

राज्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. अमेरिकेत सरकारी विद्यापीठ म्हणजे राज्याचं विद्यापीठ. १८६२च्या मॉरिल कायद्याने केंद्राने जमिनी दिल्या खऱ्या, पण त्यावर संस्था उभारल्या आणि पोसल्या त्या राज्यांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १८६८च्या स्थापनेच्या कायद्यातच राज्यातल्या रहिवाशांना शिक्षण मोफत मिळावं, हा हेतू लिहिलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या कर भरून ज्यांनी ही विद्यापीठं उभी केली, त्यांच्या मुलांना सवलत मिळावी, हे तत्त्व मला अन्यायाचं वाटत नाही. मात्र ते नव्याने आलेल्या कुटुंबाला लावताना त्यातली गफलत दिसते. टेक्ससात राज्याचा आयकर नाही. राज्याची तिजोरी मुख्यतः विक्रीकरावर चालते, स्थानिक संस्था आणि शाळा घरपट्टीवर. म्हणजे जानेवारीत आलेलं कुटुंब पहिल्या आठवड्यातल्या खरेदीपासूनच टेक्ससचा कर भरू लागतं. भाड्याच्या घरात राहत असेल, तर घरमालकाची घरपट्टी भाड्यातून भरतं. या बारा महिन्यांत राज्य त्यांच्याकडून कर घेतं आणि त्यांच्या मुलाला परका म्हणतं.

न्यायालयांनी यावर काय म्हटलं, हे बघताना १९७०च्या दशकात जावं लागतं. कल्याणकारी मदतीसाठी वर्षभराच्या रहिवासाची अट घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली शपायरो विरुद्ध थॉम्प्सन खटल्यात ठरवलं होतं. मग हाच न्याय कॉलेजच्या फीला का नको, असा सवाल मिनेसोटातल्या विद्यार्थ्यांनी केला. तिथल्या केंद्रीय न्यायालयाने वर्षाची अट योग्य ठरवली आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पोटाला अन्न मिळणं आणि पदवीची फी कमी होणं यांत न्यायालयाने फरक केला. तेव्हापासून 'एक वर्ष' हे बहुतेक राज्यांचं माप होऊन बसलं. आर्कान्सासारखं एखादं राज्य सहा महिन्यांवर समाधान मानतं.

दोन वर्षांनी कनेक्टिकटचं प्रकरण आलं आणि माझ्या मते या सगळ्या कायद्याचा गाभा तिथे आहे. क्लाइन नावाची तरुणी कॅलिफोर्नियात शिकत होती. तिचं लग्न कनेक्टिकटमध्येच जन्म काढलेल्या मुलाशी ठरलं. लग्नानंतर तिकडेच राहायचं, म्हणून तिने कॅलिफोर्नियातून कनेक्टिकट विद्यापीठाकडे अर्ज केला. मे १९७१मध्ये प्रवेश मिळाला आणि तिला राज्यातली विद्यार्थिनी मानलं जाईल, असंही विद्यापीठाने कळवलं. २६ जूनला लग्न झालं, जोडपं स्टॉर्सला येऊन राहिलं. तिने तिथला वाहन परवाना काढला, गाडीची नोंदणी केली, मतदार यादीत नाव घातलं. पण जुलैत राज्याचा नवा कायदा लागू झाला. अर्ज करताना ज्या विवाहित विद्यार्थ्याचा कायदेशीर पत्ता राज्याबाहेरचा होता, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच राहील, असं त्यात होतं. अविवाहितांसाठी तर अर्जाआधीच्या वर्षात कधीही पत्ता बाहेरचा असला, तरी पुरे. पहिल्या सत्राला राज्यातल्या मुलांना ट्यूशन शून्य होती. क्लाइनकडून १५० डॉलर ट्यूशन आणि २०० डॉलर बाहेरचे म्हणून घेतले. ओहायोहून आलेली आणखी एक विद्यार्थिनी तिच्यासोबत न्यायालयात गेली. प्रवेश विभागाचे संचालक व्लांडिस यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो.

जून १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांच्या निकालाचं म्हणणं थोडक्यात असं: राज्याने रहिवाशांना स्वस्त शिक्षण द्यावं, खऱ्या रहिवासाचे वाजवी निकष लावावेत, वाट बघायलाही लावावं. मात्र एकदा बाहेरचा म्हणून शिक्का मारायचा आणि तो पुसण्यासाठी पुरावा मांडायची संधीच द्यायची नाही, हे चालणार नाही. आज अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात रहिवास ठरवण्याचा फेरअर्ज आणि अपील करता येतं, त्यामागे हा निकाल आहे. पहिलं पत्र नकाराचं आलं म्हणून गप्प बसणाऱ्या पालकांना हे ठाऊक असायला हवं.

१९९९च्या साएन्झ विरुद्ध रो खटल्यात न्यायालयाने नव्या रहिवाशांना कमी मदत देण्याला पुन्हा नकार दिला. तिथेही कॉलेजचं शिक्षण मात्र बाजूला ठेवलं. कारण सांगितलं ते असं, की पदवी मिळवून माणूस ती सोबत घेऊन आपल्या मूळ राज्यात परत जाऊ शकतो. या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते एकट्याने शिकायला आलेल्या विद्यार्थ्यापुरतं. आईवडील, धाकटी भावंडं, कुत्रा आणि देव्हारा घेऊन आलेलं कुटुंब पदवी मिळताच परत जाणार नसतं.

प्रत्यक्ष नियमांत हा भेद थोडाफार उतरलेला आहे. मूल एकटं आलं, तर ते शिक्षणासाठीच आलं असं गृहीत धरलं जातं आणि बारा महिने काढूनही ते गृहीतक हटत नाही. कॅलिफोर्नियात चोवीस वर्षांखालच्या, पालक राज्यात नसलेल्या विद्यार्थ्याला आपण आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र असल्याचं सिद्ध करावं लागतं, जे पदवीच्या मुलाला जवळपास अशक्य असतं. कुटुंब आलं असेल, तर प्रश्न पालकांचा होतो आणि पालकांकडे कागद असतात.

कोणते कागद, हे राज्यागणिक बदलतं आणि पालक फसतात ते इथेच. टेक्ससच्या नियमांत घर वसवल्याचे मुख्य पुरावे मोजके आहेत: नोकरी, स्वतःच्या नावावर राहतं घर, राज्यातला व्यवसाय, किंवा तिथल्या रहिवाशाशी लग्न. फ्लोरिडात किमान दोन कागद लागतात आणि त्यांतला एक तरी वाहन परवाना, गाडीची नोंदणी, मतदार नोंदणी अशा वरच्या यादीतला हवा, तोही बारा महिन्यांपूर्वीचा. व्हर्जिनियात वर्षभर राहिलात एवढ्याने भागत नाही. कायमचं राहण्याचा इरादा आहे, हे 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुराव्याने दाखवावं लागतं. तिथे करविवरण, परवाना, नोकरी, मालमत्ता, सामाजिक संबंध हे सगळं एकत्र तोललं जातं. नव्या राज्यात आल्यावर 'परवाना बदलू सावकाश, जुना अजून दोन वर्षं चालतोय' असं म्हणणारं घर नकळत स्वतःचं घड्याळ उशिरा सुरू करतं. जुन्या राज्यातलं घर भाड्याने देऊन तिथली मतदार नोंदणी तशीच ठेवली, तर रहिवास तपासणाऱ्या समितीला शंका घ्यायला आयतं कारण मिळतं.

सगळ्यांत अवघड असतो तो मध्येच तुटलेला संसार. वडिलांना नवी नोकरी डॅलसला लागली, मुलगी न्यू जर्सीत अकरावीत. तिचं शेवटचं वर्ष बिघडू नये, म्हणून आई आणि मुलं मागे राहतात, वडील अपार्टमेंट घेऊन पुढे जातात. मराठी घरांत हा तोडगा सर्रास काढला जातो आणि त्याची किंमत सगळं घर मोजतं. वर्षभर दोन भाडी, आठवड्याच्या शेवटी विमानं. टेक्ससचा कायदा अशा घराला उपयोगी पडतो: अवलंबून असलेल्या मुलाचा रहिवास आई किंवा वडील यांच्यापैकी एकाच्याही टेक्ससमधल्या घरावरून ठरू शकतो. वडिलांचं तिथलं घर आणि नोकरी बारा महिन्यांची झाली, तर मुलगी बारावी न्यू जर्सीत करूनही टेक्ससची ठरते. कॅलिफोर्नियाचा नियम वेगळा. तिथे अविवाहित अल्पवयीन मूल ज्या पालकाकडे राहतं, त्या पालकाचा रहिवास तोच मुलाचा. वडील सॅन होजेला आणि मुलगा आईकडे एडिसनला, तर मुलगा कॅलिफोर्नियाचा नाही. त्याच कुटुंबाने तोच त्याग केला तरी गंतव्य राज्य कुठलं, यावर सगळं अवलंबून.

एकत्र हलणाऱ्या कुटुंबासाठी हिशेब सरळ आहे आणि तो आधीच मांडलेला बरा. ऑगस्ट २०२७मध्ये कॉलेज सुरू होणाऱ्या मुलाच्या पालकांना टेक्ससात सप्टेंबर २०२६च्या सुरुवातीच्या आत बस्तान बसवायला हवं. म्हणजे अकरावी आणि बारावीच्या मधली उन्हाळ्याची सुट्टी. त्यानंतर नोव्हेंबरात हललेलं कुटुंब पहिल्या सत्राला बाहेरची फी भरतं. पण म्हणून चारही वर्षं भरत बसायचं कारण नाही. पालकांचे बारा महिने पुढच्या सत्राच्या मोजणीच्या तारखेआधी पूर्ण होत असतील, तर त्या सत्रापासून वर्गवारी बदलून मागता येते. मात्र ती मागावी लागते आणि तिला स्वतंत्र मुदत असते. उलट दिशेचं संकट जास्त दुखवतं. बारावीच्या मध्यावर राज्य सोडलं, तर जुनं राज्य तुम्हाला सोडून देतं आणि नवं अजून घेत नसतं. कॉलेज सुरू झाल्यावर पालक हलले, तर मात्र अनेक राज्यं खंड न पाडता शिकणाऱ्या मुलाची सवलत तशीच ठेवतात. नोकरी बदलण्यात दोन-चार महिन्यांची मोकळीक असेल, तर ती इथे वापरावी.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. १९५५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाचं प्रकरण होतं. मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून तिथे कॅपिटेशन फी घेतली जाई, राज्यातल्यांना ती माफ होती. दिल्लीच्या डी. पी. जोशी यांनी तिला आव्हान दिलं. जन्मस्थानावरून भेद करायला घटनेची मनाई आहे, रहिवासावरून नाही, असं सांगून बहुमताने ती फी कायम ठेवली गेली. आज महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी राज्यातून हवी, अधिवासाचा दाखला हवा, आणि बदलीच्या नोकरीतल्या पालकांची मुलं कुठल्याच राज्याची राहत नाहीत, ही तक्रार आपल्याला चांगली ओळखीची आहे. अमेरिकेतल्या मराठी पालकांपैकी अनेकांनी स्वतः तरुणपणी सेतू कार्यालयात त्या दाखल्यासाठी रांग लावलेली असते.

त्यांच्या मुलांच्या बाबतीत मात्र आणखी एक थर आहे, तो व्हिसाचा. आणि मला या लेखात सर्वांत जास्त जे सांगायचं आहे, ते इथे आहे.

परदेशी नागरिकाचं अमेरिकेत 'घर' असू शकतं का? १९७०च्या दशकात मेरीलँड विद्यापीठाचं उत्तर होतं, नाही. वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय बँकांत काम करणाऱ्यांना जी-४ व्हिसा असतो. त्यांची मुलं लहानपणापासून मेरीलँडमध्ये वाढलेली, तरी विद्यापीठ त्यांच्याकडून बाहेरची फी घेई. मोरेनो नावाचा विद्यार्थी आणि त्याचे सोबती न्यायालयात गेले. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयालाच विचारलं, तुमच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे यांचं इथे घर होऊ शकतं का? त्या न्यायालयाने होकार दिला. विद्यापीठाने मात्र आपलं धोरण तेच राहील, असा ठराव केला. अखेर १९८२ साली टोल विरुद्ध मोरेनो खटल्यात निकाल मुलांच्या बाजूने लागला. केंद्राने ज्यांना इथे घर करायची मुभा दिली आहे, त्यांच्यावर राज्याने ज्यादा ओझं टाकायचं नाही, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं. परदेशातलं घर सोडणार नाही, अशी अट काही व्हिसांत असते, काहींत नसते. सगळा भेद त्या अटीवर उभा आहे. विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसात ती आहे, म्हणून एफ-१वरचा विद्यार्थी दहा वर्षं राहिला तरी कॅलिफोर्नियात रहिवासी होत नाही. एच-१बी आणि त्याच्या कुटुंबाच्या एच-४मध्ये ती अट नाही. म्हणून टेक्सस, कॅलिफोर्निया, व्हर्जिनियासारख्या राज्यांत ग्रीन कार्ड नसतानाही मराठी मुलांना इन-स्टेट फी मिळते. केंद्राची शिष्यवृत्ती आणि कर्ज मात्र एच-४ला नाही, त्यामुळे या मुलांसाठी रहिवासाची सवलत हाच मोठा आधार.

आता या आधाराची मुदत बघा. एच-४ एकविसाव्या वाढदिवशी संपतो. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांब झाली, की दोन वर्षांचं असताना आलेलं मूल रांग पुढे सरकण्याआधीच एकवीस वर्षांचं होतं. २००२च्या एका कायद्याने वय मोजण्यात थोडी सूट दिली आहे, पण ऑगस्ट २०२५पासून ती मोजण्याची रीत अधिक कडक झाली. मग मुलगी पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असताना एफ-१वर जाते. घर तेच. आईवडील तिथेच, कर तिथेच, शाळा तिथलीच. पण कायद्याच्या नजरेत तिचं घर आता जिथे तिला भाषाही धड येत नाही, त्या देशात गेलेलं असतं. काही राज्यांत त्या सत्रापासून तिचं बिल बाहेरच्यांचं होऊ शकतं. व्लांडिस प्रकरणात न्यायालयाने जे चूक ठरवलं, ते म्हणजे वस्तुस्थिती न बघता मारलेला शिक्का. इथे तो शिक्का वाढदिवसाने मारला जातो.

दुसरीकडे, इच्छा असली की हा पेच सोडवता येतो, हे अमेरिकी काँग्रेसनेच दाखवलं आहे. सैनिकांची बदली त्यांच्या हातात नसते, म्हणून २००८च्या उच्च शिक्षण कायद्याने नेमणुकीच्या राज्यात सैनिक, त्यांचे जोडीदार आणि मुलं यांना इन-स्टेट फी देणं बंधनकारक केलं. पुढे बदली झाली, तरी सलग शिकणाऱ्या मुलाची सवलत टिकते. २०१४च्या कायद्याने माजी सैनिकांनाही सामावून घेतलं. सैनिकाचा मान वेगळा, हे मान्यच. पण ज्या हलण्यात मुलाचा निर्णय नव्हता, त्याची किंमत मुलाने का मोजावी, हा विचार एकदा मान्य झाला, की तो फक्त गणवेशापाशी थांबवायचं कारण मला दिसत नाही.

सध्याची हवा उलट्या दिशेची आहे. कागदपत्रं नसलेल्या, पण टेक्ससमध्येच शाळा शिकलेल्या मुलांना इन-स्टेट फी देणारं टेक्सस हे पहिलं राज्य होतं, २००१ साली. जून २०२५मध्ये केंद्र सरकारने त्या कायद्याविरुद्ध दावा केला, राज्याने त्याच दिवशी मान तुकवली आणि न्यायालयाच्या आदेशाने तो कायदा संपला. फ्लोरिडानेही त्याच वर्षी आपली सवलत मागे घेतली. कायदेशीर व्हिसावरच्या एच-४ मुलांना हा आदेश लागू नाही. पण विद्यापीठं आता प्रत्येक परदेशी नागरिकाचे कागद अधिक बारकाईने मागणार, हे उघड आहे. व्हिसाच्या मंजुरीच्या सूचना, पालकांची वेतनपत्रकं, करविवरणं, भाडेकरार हे सगळं तारखेनिशी एका ठिकाणी ठेवणं आता सावधगिरीपेक्षा गरजेचं झालं आहे.

आपल्या संस्थांनीही इथे काम करावं, असं मला मनापासून वाटतं. १९८१ साली सुरू झालेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवतं. गावोगावच्या मराठी शाळांत दर आठवड्याला पालक जमतात. आठवीच्या मुलांच्या पालकांसाठी वर्षातून एक दुपार काढून त्या राज्याचे नियम, मुदती आणि अपिलाची वाट कुणी जाणकाराने समजावून सांगितली, तर कित्येक घरांचे हजारो डॉलर आणि वर्षभराची ताटातूट वाचेल. आणि एकवीस वर्षांची होणारी मुलं स्वतः वॉशिंग्टनला जाऊन खासदारांच्या कचेऱ्यांत आपलं म्हणणं मांडत आहेत, दीर्घकालीन व्हिसाधारकांच्या मुलांना संरक्षण देणारं विधेयक २०२१पासून काँग्रेससमोर येत राहिलं आहे. तिथे जाणाऱ्या मुलांसोबत त्यांच्या राज्यातल्या मंडळाचे पदाधिकारी, मतदार असलेले काका-मावश्या जाऊन उभ्या राहिल्या, तर खासदाराला त्या मुलांचं घर कुठल्या मतदारसंघात आहे, हे वेगळं सांगावं लागणार नाही.